गया

आमच्या बोलीत गळ्याला गया म्हणतात.
दुकानात मी मान म्हणते.
पहिल्याच दिवशी सांगितलं होतं:
केस वर बांधायचे, गळ्यात स्वतःचं काही नको,
काळा दोराही नको.
दोरा मी डब्याच्या झाकणाखाली ठेवते, पोळ्यांवर.

बाहेर मे महिना. जळगावचा.
निंबाअण्णा काचेचं दार उघडतो
तेव्हा ऊन पायपुसण्यापर्यंत येतं
आणि तिथंच थांबतं,
आमच्यासारखं, मागच्या दाराची सवय असल्यासारखं.

परवा मिलच्या काकू आल्या.
माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिची मान आपल्या निहारिकासारखी आहे,
हिलाच घालून बघू."
फोन लावला. तिकडे रात्र होती.
होणारी सून उशीला टेकून बघत होती.
"ताई, जरा डावीकडे," ती म्हणाली. छान बोलत होती.
मग काकूंना म्हणाली, "चेहरा नको, नेकलेस दाखवा."
फोन खाली सरकला.

एकशे बारा ग्रॅम.
एसीतलं सोनं अंगाला लागलं की
विहिरीत उतरल्यासारखं होतं थोडा वेळ,
मग ते आपल्याच तापाने गरम होतं.
गरम झालं की मला वाटतं, आता काढा.

अकरा लाख भागिले साडेनऊ हजार.
हसता हसता हिशेब करायची मला सवय आहे.
नऊ वर्षं, सात महिने, वर चोवीस दिवस.
त्यात जेवायचं नाही, रिक्षा करायची नाही,
आजारी तर पडायचंच नाही.

बिलावर पत्ता घातला: धनदाई दाल मिल, एमआयडीसी.
पत्ता मला पाठ.
आई तिथं चाळणीवर असते, चौदा वर्षं.
विचारावंसं वाटलं, काकू, तुमच्याकडे बायांना
तोंडाला बांधायला काही देत का नाहीत?
विचारलं,
"मॅचिंग झुमके दाखवू?"

रात्री शटर अर्धं पडलं की
पायपुसणं पांढऱ्या कागदावर झटकतात.
काउंटरखालचा केर, ब्रशचे केस,
कचऱ्याचे डबेसुद्धा
एका पोत्यात भरून ठेवतात.
महिन्याला झारेकरी येतो, पोतं विकत नेतो,
धुऊन धुऊन त्यातून कण काढतो.
इथल्या धुळीला भाव आहे.
आमच्या चपला निंबाअण्णा उलट्या करून बघतो.
बघताना माझ्या तोंडाकडे बघत नाही.

घरी आई दारातच उभी असते, पिवळी.
तुरीची भुकटी पापण्यांवर, कानांत, मंगळसूत्राच्या वाट्यांत.
जन्मली तेव्हा सुपात घातली, म्हणून सुपडाबाई;
अजून सुपातच आहे, ती म्हणते आणि हसते,
हसलं की खोकला येतो.
पदर झटकते.
आमच्या गल्लीत ती धूळ कुणी विकत घेत नाही,
शेजारीण तेवढी ओरडते, वाळवणावर येतं म्हणून.

"आज काय घालं व गयामा?"
रोज विचारते, भाजी काय केली विचारावं तसं.
मी सांगितलं. वजन सांगितलं.
कुणाचं, ते नाही सांगितलं.
"कुठलोंग येस?"
तिने बोट ठेवलं गळ्याच्या खळीत,
तिथून खाली ओढलं,
मी म्हणाले, अजून खाली,
अजून थोडं.
"बापरे," ती म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

मी तशीच झोपले.

सकाळी मॅनेजरनी बघितलं.
"काय गं, हळद लागली की काय?"
सगळ्या हसल्या. मीही.
"तूर आहे," म्हटलं.
त्यांनी ओला टिश्यू दिला.
मी आरशात बघून पुसलं, नीट,
खळीतलं राहिलं होतं तेही,
आणि टिश्यू
काउंटरखालच्या डब्यात टाकला,
पोत्यात जातो त्या.